ट्रायसेराटॉप्सच्या पावलांशेजारी गोल्फ: कोलोरॅडोतल्या फॉसिल ट्रेस मैदानाला कसं जावं, काय पाहावं, कसं खेळावं

डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या अगदी पायथ्याशी गोल्डन नावाचं छोटं शहर आहे. तिथे नगरपालिकेच्या मालकीचं १८ होलचं गोल्फ मैदान आहे, फॉसिल ट्रेस गोल्फ क्लब. नावात क्लब असला तरी सभासदत्व, ओळख, शिफारस असलं काही लागत नाही. वेळ राखून ठेवायची, पैसे भरायचे आणि खेळायचं. आपल्याकडे गोल्फ म्हणजे जिमखाना नाहीतर लष्कराची छावणी असंच चित्र असतं. सिडकोच्या खारघरच्या मैदानासारखी उदाहरणं थोडी. त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे आधी सांगावं लागतं की इथे कुणी ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारत नाही.

हे मैदान २००३ मध्ये खुलं झालं. आराखडा जिम एंग यांचा. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके, ७२, आणि सगळ्यात मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) लांबी सुमारे ६,८०० यार्ड. पण एवढ्यासाठी कुणी वाट वाकडी करून इथे येणार नाही. लोक येतात ते मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या वालुकाश्माच्या भिंतींसाठी आणि त्यांच्यावर उमटलेल्या डायनोसॉरच्या पावलांसाठी.

माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. आधी शेजारची पायवाट चाला, मग खेळा. बहुतेक जण उलटं करतात, म्हणजे खेळून दमतात आणि पायवाट राहून जाते. मग १२व्या होलवर त्या भिंती दिसतात तेव्हा ‘अरे वा, मस्त दगड’ एवढंच म्हणून फोटो काढून पुढे जातात. दगडात काय बघायचं हे आधी कळलेलं असलं, तर त्याच होलवर तुम्ही मागच्या गटाला पुढे जाऊ द्याल.

आधी जागा समजून घ्या

हा भाग गाळून थेट बुकिंगकडे जाऊ नका. इथली सगळी गंमत यातच आहे.

साधारण ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हते. उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेला उथळ समुद्र मागे हटत होता आणि त्याच्या काठाने सपाट, दलदलीचा, उबदार प्रदेश होता. नद्या, चिखल, ताडाच्या जातीची झाडं. त्या चिखलातून तीन शिंगांचे, झाडपाला खाणारे ट्रायसेराटॉप्स चालत गेले, बदकासारख्या चोचीचे हॅड्रोसॉर गेले, दोन पायांवर चालणारे मांसाहारी डायनोसॉर गेले. पक्षी, लहान सस्तन प्राणी आणि किडे यांच्याही खुणा राहिल्या. मग नदीच्या पुराने चिखलावर वाळू आणून टाकली आणि पावलांचे खळगे वाळूने भरले. असे थरावर थर साचत गेले. वाळूचा वालुकाश्म झाला, चिखलाची घट्ट चिकणमाती झाली. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांना लॅरामी फॉर्मेशन म्हणतात.

त्यानंतर रॉकी पर्वत वर उचलला गेला. पर्वताच्या कडेला असलेले हे आडवे थर त्याबरोबर वाकले आणि अक्षरशः उभे राहिले. कधी काळी जी जमीन होती ती आता भिंत आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो, कारण डायनोसॉर भिंतीवर चढल्यासारखी पावलं दिसतात.

पुढचं काम माणसाने केलं. १८७०च्या दशकापासून पुढे शंभरहून अधिक वर्षं इथे चिकणमातीच्या खाणी होत्या. पार्फे कुटुंबाच्या या खाणींतली माती विटांसाठी जायची. डेन्व्हरमध्ये १८६३ साली मोठी आग लागली होती आणि त्यानंतर लाकडाऐवजी विटांनी बांधण्याचा नियम आला, तेव्हा विटांच्या मातीला मागणी होतीच. खाणकामगारांनी उभ्या थरांमधली मऊ माती तेवढी खणून काढली आणि मधला टणक वालुकाश्म निरुपयोगी म्हणून सोडून दिला. म्हणून आज तिथे खोल चर आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले दगडी पडदे दिसतात.

माती निघून गेल्यामुळे वालुकाश्माच्या थराचा तळ उघडा पडला. म्हणजे आपण पाऊल बघतो ते वरून नाही, खालून. आणि म्हणून इथली बरीच पावलं खळग्यासारखी आत गेलेली नसून फुगवट्यासारखी बाहेर आलेली आहेत. पेणच्या कारखान्यात साच्यात शाडू दाबून गणपती बाहेर काढतात तसंच हे. चिखलातला खळगा हा साचा आणि त्यात भरलेली वाळू ही मूर्ती. इथे साचा विटा होऊन डेन्व्हरला गेला आणि मूर्ती जागेवर राहिली. हे एवढं डोक्यात पक्कं असलं की भिंतीवर नजर खळगे शोधत भरकटत नाही, थेट उंचवट्यांवर जाते.

ट्रायसेराटॉप्सच्या जातकुळीतल्या प्राण्याची म्हणून इथली पावलं शास्त्रज्ञ मार्टिन लॉकली आणि एड्रियन हंट यांनी १९९५ मध्ये नोंदवली. त्या पाऊलखुणेला दिलेलं नाव सेराटॉप्सिपेस गोल्डनेन्सिस, म्हणजे गावाचं नाव थेट विज्ञानात गेलं. ट्रायसेराटॉप्सची हाडंही याच भागातली. १८८७ मध्ये डेन्व्हरजवळ दोन मोठी शिंगं सापडली आणि ती पूर्वेकडे ओथनील मार्श या नामांकित जीवाश्मतज्ज्ञाकडे पाठवली गेली. मार्श यांनी ती एका अजस्र, नामशेष गव्याची ठरवली. १८८९ मध्ये त्यांनीच दुसऱ्या, अधिक पूर्ण कवटीवरून ट्रायसेराटॉप्स हे नाव दिलं, आणि तो ‘गवा’ मागे पडला.

मराठी वाचकाला इथे काळाचा अंदाज पटकन येऊ शकतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा बनला त्या दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य काळ ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. म्हणजे गोल्डनच्या चिखलात ही पावलं उमटली तेव्हा रायगड-सिंहगडाचा दगड अजून जमिनीच्या पोटात होता. आपल्याकडच्या डायनोसॉरच्या खुणा बऱ्याचशा त्या लाव्ह्याखाली दबल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि जीवाश्म झालेली विष्ठा सापडते ती लाव्ह्याच्या आधीच्या थरांत.

कधी जावं

मे ते ऑक्टोबर हा बिनधास्त काळ. त्यातही सप्टेंबर उत्तम. उकाडा ओसरलेला असतो, दुपारच्या वादळांचा जोर कमी झालेला असतो आणि उजेड तिरपा असतो. एप्रिलमध्ये कधी उघडं ऊन पडतं, तर कधी बर्फ. वसंतात आणि शरदात पहाटे हिरवळीवर दव गोठलं तर ते वितळेपर्यंत कुणालाच मैदानात सोडत नाहीत, कारण गोठलेल्या गवतावर पाय पडला की ते मरतं. सकाळी सातची वेळ घेतली म्हणून सातला सुरुवात होईलच असं या दिवसांत धरू नका. त्या दिवशी दुपारचं विमान असेल तर विषयच सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये नियम सोपा आहे. सकाळी खेळायचं आणि दुपारी एकच्या आत संपवायचं. का, ते पुढे विजेच्या भागात येतंच.

वेळ कशी राखून ठेवायची

१. मैदानाच्या संकेतस्थळावर किंवा फोन करून ‘टी टाइम’, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ घ्या. शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा लवकर जातात, त्यामुळे आठवड्यातला मधला दिवस जमत असेल तर तोच घ्या. दरही सहसा त्या दिवशी कमी असतात आणि संध्याकाळकडे झुकणाऱ्या वेळांना आणखी कमी.

२. दर पाहताना त्यात कार्टचे (मैदानात फिरायच्या छोट्या गाडीचे) पैसे धरलेत की वेगळे आहेत ते नीट वाचा. हे मैदान डोंगरपायथ्याचं असल्याने चढउतार खूप आहेत आणि एका ग्रीनपासून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून) पुढच्या टीपर्यंतची अंतरं लांब आहेत. चालत खेळायची हौस असली तरी पहिल्या वेळी कार्ट घ्या. तुमचे पाय वाचलेले बरे, ते पायवाटेसाठी लागणार आहेत.

३. दोघंच असाल तर तुमच्याबरोबर आणखी दोन अनोळखी माणसं जोडली जातील. हे इथे अगदी सर्वसाधारण आहे. संकोच नको. स्थानिक कुणी भेटला तर उलट फायदाच, कोणत्या दगडामागे काय आहे ते तो सांगतो.

४. रद्द करायची मुदत किती तास आधीपर्यंत आहे ते बघा आणि कॅलेंडरमध्ये घाला.

५. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, भाड्याने हव्या असतील तर वेळ घेतानाच सांगा. डावखुऱ्या खेळाडूने तर आवर्जून.

पोहोचणं

गाडीने डेन्व्हरच्या मध्यापासून सिक्स्थ ॲव्हेन्यू हा महामार्ग पश्चिमेला धरला की अर्ध्या तासाच्या आत गोल्डन येतं. मैदान इलिनॉय स्ट्रीटवर आहे. जेफरसन काउंटीची घुमटवाली मोठी सरकारी इमारत दिसली की तुम्ही बरोबर आलात. स्थानिक लोक तिला गमतीने ताजमहाल म्हणतात. आग्र्याहून आलेल्या पाहुण्याला मात्र ही गंमत ऐकवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गाडी नसेल तरी अडत नाही. डेन्व्हर विमानतळावरून ए लाइन रेल्वेने युनियन स्टेशन, तिथून डब्ल्यू लाइन पकडून शेवटचं स्टेशन, जेफरसन काउंटी गव्हर्न्मेंट सेंटर–गोल्डन. शेवटच्या टप्प्याला टॅक्सी घ्या, कारण क्लबची पिशवी खांद्यावर घेऊन रस्त्याकडेने चालण्यात मजा नाही. रुळांच्या दुरुस्तीमुळे डब्ल्यू लाइनचं वेळापत्रक कधी कधी बदललेलं असतं, म्हणून निघण्याआधी आरटीडी या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

आधी पायवाट: ट्रायसेराटॉप्स ट्रेल

मैदानाला लागूनच, सिक्स्थ ॲव्हेन्यू आणि नाइन्टीन्थ स्ट्रीट जिथे मिळतात तिथून, ट्रायसेराटॉप्स ट्रेल सुरू होते. सुमारे दीड मैलाची खडीची वाट आहे, प्रवेश मोफत. देखभाल जवळच्या डायनोसॉर रिज या जीवाश्मांच्या ठिकाणाची ना-नफा संस्था करते. सावकाश बघत गेलात तर तास-दीड तास पुरे.

वेळ अशी निवडा की ऊन तिरपं असेल. माध्यान्हीच्या डोक्यावरच्या उजेडात फुगवटे सपाट दिसतात आणि माणूस ‘इथे तर काहीच नाही’ म्हणत परत येतो. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या बाजूने, जवळजवळ समांतर धरा. सावली पडली की पाऊल उठून दिसतं. माझ्या मते इथली सगळ्यात उपयोगी वस्तू हा टॉर्चच आहे, दुर्बीण वगैरे काही नको.

वाटेवर माहितीचे फलक आहेत. फलकावरचं चित्र बघा, मग भिंतीवर तो आकार शोधा, मग पुन्हा चित्र बघा. असं दोनदा केलं की डोळ्यांना सवय लागते. ओळखायचं असं:

रुंद, जड, गोलसर फुगवटा आणि पुढच्या कडेला आखूड बोटं दिसली तर ते ट्रायसेराटॉप्सचं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार बोटं होती, पण दगडात सगळी मोजता येतीलच असं नाही. तीन जाड, बोथट बोटं असतील तर हॅड्रोसॉर. तीन बोटं पण बारीक, लांब, टोकदार असतील तर मांसाहारी. ताडाच्या पानांचे ठसे मात्र कुणालाही लगेच कळतात. पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. लहान मुलांना आधी ती पानंच दाखवा, त्यांचा हुरूप वाढतो.

पक्ष्यांच्या आणि किड्यांच्या खुणा शोधायला धीर लागतो. सगळं सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला तर वाट कंटाळवाणी होते. दोन-तीन खुणा नीट पाहिल्या तरी पुष्कळ.

भिंतींना हात लावू नका, त्यांच्यावर चढू नका, खडू फिरवून कडा गडद करू नका, दगडाचा तुकडा उचलू नका. हा वालुकाश्म दिसतो तेवढा कणखर नाही, बोटं फिरली की कण सुटतात. फोटोत आकाराचा अंदाज यावा म्हणून पट्टी किंवा गोल्फचा चेंडू ठेवायचा असेल तर तो खाली जमिनीवर, भिंतीला न टेकवता. चेंडूचा व्यास ४.२७ सेंटिमीटर असतो, घरी गेल्यावर हिशेब करता येतो.

वाटेवरून काही ठिकाणी गोल्फ मैदान दिसतं. उद्या खेळणार असाल तर इथे दोन मिनिटं थांबा आणि दगडी पडदे कोणत्या दिशेने पसरलेत ते पाहून ठेवा. मैदानावर उतरून अंदाज घेण्यापेक्षा वरून तो सोपा जातो. मात्र वाटेवरून मैदानात उतरायचं नाही. एक तर ते नियमात बसत नाही, दुसरं म्हणजे चेंडू डोक्याला लागला तर तुमच्या मागे सहा कोटींचा इतिहास असून काही उपयोग नाही.

काय घालावं, काय घ्यावं

कॉलरचा शर्ट, साधी पँट किंवा बर्म्युडा, मऊ तळाचे गोल्फचे बूट किंवा साधे स्पोर्ट्स शूज. लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत. जीन्स टाळा. पायवाटेसाठी खडीवर घसरणार नाहीत असे बूट हवेत, चप्पल-सँडल नको.

गोल्डन समुद्रसपाटीपासून सुमारे १,७३० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच, आणि हवा कोरडी. घाम आला तरी लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही. मुंबई-पुण्याहून कालच आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी खेळूच नये, एक दिवस जाऊ द्यावा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. टोपी, सनस्क्रीन, गॉगल लागतातच, हवा गार असली तरी ऊन भाजतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर असू द्या. बाहेरचं मद्य मात्र मैदानात आणू देत नाहीत.

एक हलकं जॅकेट कार्टमध्ये टाका. ढग आले की तापमान झपाट्याने उतरतं.

मैदानात

ठरलेल्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी पोहोचा. दुकानात नोंद करा, पावती घ्या, सरावाच्या ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायचे दहा-पंधरा फटके मारा. इथल्या ग्रीनचा वेग समजून घ्यायला तेवढं लागतंच. एंग यांची ग्रीन बऱ्याचदा वाटीसारखी, कडा उचललेली असतात. चेंडू कडेला पडला तर आत घरंगळत येऊ शकतो. पण त्याच ग्रीनच्या भोवतीचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोल आणि उभ्या कडांचे असतात, त्यामुळे थोडा चुकलेला आणि जास्त चुकलेला फटका यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

टी निवडताना मनाचा मोठेपणा ठेवा. नवशिक्याने किंवा वर्षातून चार वेळा खेळणाऱ्याने पुढची टी घ्यावी. मागून खेळून प्रत्येक होलवर चेंडू दगडात हरवण्यात काही पुरुषार्थ नाही.

उंचीवर हवा विरळ असते. चेंडूला अडवणारी हवाच कमी, म्हणून तो लांब जातो, साधारण १० टक्क्यांच्या आसपास. मुंबईत ज्या क्लबने तुम्ही १५० यार्ड मारता त्याने इथे १६५ च्या आसपास जाईल. तेव्हा एक क्लब कमी घ्या. याची दुसरी बाजू म्हणजे विरळ हवेत चेंडू कमी वळतो. उजवीकडून डावीकडे वळवून दगडाला वळसा घालायचा बेत असेल तर वळण अपेक्षेपेक्षा कमी मिळेल आणि चेंडू सरळ जाऊन त्या दगडावरच आपटेल.

आता दगडांचे नियम. हे खेळण्याआधी गटात एकदा ठरवून घ्या, नाहीतर १२व्या होलवर वाद होतो.

सुटा दगड, खडा हे नैसर्गिक अडथळे मानले जातात आणि ते बाजूला करता येतात, बंकरमध्येसुद्धा. २०१९च्या नियमांपासून ही मुभा आली. मात्र ते उचलताना तुमचा चेंडू हलता कामा नये.

जमिनीत पक्का रुतलेला खडक किंवा वालुकाश्माची भिंत हे मैदानाचा भाग. चेंडू भिंतीला चिकटून थांबला तर फुकटात सरकवता येत नाही. खेळता येत असेल तर खेळा, नाहीतर तो ‘न खेळण्याजोगा’ जाहीर करा आणि एक दंडाचा फटका घेऊन तीन पर्यायांतला एक निवडा. मागच्या जागेवरून पुन्हा मारा, किंवा चेंडूपासून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता टाका, किंवा चेंडू आणि होल यांच्या रेषेत मागे जाऊन टाका. या मैदानावर माझं मत असं की पहिला पर्याय सोडून उरलेल्या दोघांत शहाणपण आहे.

खाणकामाची जुनी, गंजलेली यंत्रसामग्री मैदानात ठेवलेली आहे. माणसाने बनवलेली वस्तू असल्याने अडथळा म्हणून सवलत मिळू शकते, पण मैदानाचा स्थानिक नियम वेगळा असू शकतो. स्कोअरकार्डच्या मागची बाजू वाचा.

चेंडू शोधायला तीन मिनिटं. त्यापुढे तो हरवला. दगडांच्या फटींत हात घालून शोधू नका, क्लब घालून ढवळूही नका. या पायथ्याच्या प्रदेशात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात आणि उन्हात तापलेला दगड त्यांना आवडतो. चेंडूची किंमत दवाखान्यापेक्षा नक्कीच कमी आहे. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर जागच्या जागी थांबा, मग हळूहळू मागे या.

बारावा होल

हा पार ५ चा होल म्हणजे या मैदानाची ओळख. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या, मध्येच वालुकाश्माचे उंच सुळके उभे आहेत. पहिल्यांदा बघणारा माणूस त्यांच्यावरून मारायचा मोह धरतो. तसं करू नका. पहिला फटका सुळक्यांच्या आधी, मोकळ्या दिशेला ठेवा. तिथून पुढे कोणत्या बाजूने जायचं ते चेंडू कुठे पडलाय यावर ठरवा. दगडावर आपटलेला चेंडू कुठे जाईल हे सांगता येत नाही. कधी तो मोठ्या कृपेने फेअरवेवर परत येतो, बऱ्याचदा नाही.

पाऊलखुणांचे दगड याच होलच्या परिसरात आहेत. आदल्या दिवशी पायवाट चालला असाल तर ‘फुगवटे शोध’ हे आता सांगावं लागणार नाही. इथे थांबायची शिस्त अशी. आधी मागे वळून बघा. मागचा गट वाट बघत असेल तर त्यांना हात करून पुढे जाऊ द्या. मग कार्ट वाटेवर लावा, ग्रीनकडे येणाऱ्या फटक्यांच्या रेषेतून बाजूला व्हा आणि निवांत पाहा. फोटोसाठी पाच मिनिटं पुरतात. होल संपवून पुढच्या टीकडे जाताना थांबलात तर कुणाचाच खोळंबा होत नाही, हा सगळ्यात सोयीचा क्षण.

एक गोष्ट मला दरवेळी नवल वाटावी अशी वाटते. खाण बंद झाली की बहुतेक ठिकाणी चर भरून टाकतात, वर इमारती येतात. इथे खाणीचे चर, सुळके, यंत्रं तशीच ठेवून खेळ त्यांच्यामधून वळवला. गोल्फ मैदानांवर पाण्याच्या वापरापासून पुष्कळ रास्त टीका होते. कोलोरॅडोसारख्या कोरड्या राज्यात तर ती व्हायलाच हवी. पण या जागेपुरतं बोलायचं तर मैदान आलं म्हणून काही भिंती वाचल्या, हेही खरं.

बाकी शिष्टाचार थोडक्यात. फटक्याने उखडलेली हिरवळ परत बसवा किंवा दिलेली वाळू भरा. ग्रीनवर पडलेला चेंडूचा खळगा नीट करा. बंकरमधून बाहेर येताना दाताळं फिरवा. कार्ट ग्रीनवर नेऊ नका. ज्याची तयारी आधी झाली त्याने आधी मारावं. १८ होलना साधारण साडेचार तास धरा.

वीज

कोलोरॅडोच्या पायथ्याला जुलै-ऑगस्टच्या दुपारी वादळ उठणं हा रोजचा कार्यक्रम. पर्वतावर पांढरा ढग फुगायला लागला की तासाभरात गडगडाट डोक्यावर येऊ शकतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. भोंगा वाजेल म्हणून थांबू नका, खेळ सोडा आणि क्लबहाउसमध्ये किंवा बंद गाडीत जा. उघडी कार्ट सुरक्षित नाही. एकटं झाड सुरक्षित नाही. आणि ते सुंदर दगडी सुळके तर अजिबात नाहीत. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या.

न खेळणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात अमेरिकेत मुला-सुनेकडे आलेले आई-बाबा, लहान मुलं, गोल्फचं नावही नको असलेली बहीण, अशी सगळी मंडळी बरोबर असतात. त्यांना ‘तुम्ही क्लबहाउसमध्ये बसा’ म्हणून साडेचार तास बसवू नका. एक जण खेळतो तेव्हा बाकीच्यांनी सकाळी ट्रायसेराटॉप्स ट्रेल करावी. वाटेवर सावली थोडी आहे आणि चढउतार आहेत, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि वाट अर्धी करून परतलं तरी चालेल.

तिथून जवळच कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचं भूगर्भशास्त्र संग्रहालय आहे, मोफत. खनिजं, जीवाश्म आणि चंद्रावरून आणलेल्या दगडाचा नमुनाही तिथे आहे. बाबांना आवडेल अशी जागा, आणि बसायला गार. मग गावातल्या मुख्य रस्त्यावर, क्लिअर क्रीकच्या काठाने फिरता येतं. मुलं पाण्यात पाय घालतात, पण वसंताच्या शेवटी बर्फ वितळून पाण्याला जोर असतो, त्यांना एकटं सोडू नका.

गावात उभं राहून पूर्वेला पाहिलंत तर सपाट माथ्याचे दोन डोंगर दिसतात, नॉर्थ आणि साउथ टेबल माउंटन. मराठी माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतात, आणि ते उगाच नाही. त्यांचे माथेही लाव्ह्याचेच आहेत, ६ कोटी वर्षांहून जुन्या. नॉर्थ टेबल माउंटनच्या लाव्ह्यात सापडणारी झिओलाइट खनिजं संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत, जशी आपल्या पुणे-नाशिक-जळगावच्या बेसॉल्टमधली जगभर जातात. साउथ टेबल माउंटनच्या उतारावर डायनोसॉर जिथे संपले त्या काळाची सीमाही थरांमध्ये सापडते. म्हणजे मैदानाच्या भिंतीत पावलं, समोरच्या डोंगराच्या उतारात त्यांचा शेवट आणि वर माथ्यावर त्यानंतरचा लाव्हा, हे सगळं एका शहरात.

वेळ उरला तर

दक्षिणेला थोड्या अंतरावर मॉरिसन गावाजवळ डायनोसॉर रिज आहे. तिथे १८७७ मध्ये आर्थर लेक्स या शिक्षकाला मोठी हाडं सापडली आणि १९३७ मध्ये रस्ता बांधताना पाऊलखुणा उघड्या पडल्या. तिथले थर गोल्डनपेक्षा जुने आहेत, पाऊलखुणांचे सुमारे १० कोटी आणि हाडांचे सुमारे १५ कोटी वर्षांचे. एकाच दिवशी दोन्ही करणार असाल तर आधी गोल्डनची पायवाट आणि मग रिज, म्हणजे काळात मागे मागे जाता येतं. रिजवर स्वतः चालत गेलात तर पैसे लागत नाहीत, मार्गदर्शकासह बसने जायचं तर तिकीट घ्यावं लागतं. आई-बाबांसाठी बस घ्या. रस्ता चढाचा आहे आणि दुपारी तिथे सावलीचा तुकडाही नसतो.